भाव एक, खिसे अनेक

२० जुलै २०२३ रोजी भारत सरकारने बासमतीखेरीज अन्य पांढऱ्या तांदळाच्या निर्यातीवर बंदी घातली. त्यानंतरच्या काही दिवसांत अमेरिकेतील भारतीय किराणा दुकानांपुढे लागलेल्या रांगांची दृश्ये आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असतील. सोना मसुरीच्या पिशव्यांचे ढीग गाड्यांत भरले जात होते आणि काही दुकानदारांनी ‘एका कुटुंबाला एकच पिशवी’ असा नियम केला होता. थोड्याच काळात ती धांदल ओसरली. ज्यांनी जादा पैसे मोजून तांदूळ घेतला त्यांच्या महिन्याच्या हिशेबात त्याची फारशी नोंदही उरली नाही.

त्याच निर्णयाचे दुसरे टोक पश्चिम आफ्रिकेत होते. बेनिन, टोगो, सेनेगल हे देश भारतीय तांदळाचे मोठे ग्राहक आहेत आणि जगाच्या तांदूळ व्यापारात भारताचा वाटा सुमारे ४० टक्के आहे. तेथील शहरी मजुराच्या घरी तांदूळ हे रोजचे मुख्य अन्न आहे. त्याचा भाव वाढला की त्या घरात तेल, मासे, मुलांच्या वह्या, औषधे यांपैकी कशाला तरी कात्री लागते. वस्तू एकच, भाववाढीचे कारण एकच. परंतु एका खिशाला ती जेमतेम जाणवली, तर दुसऱ्या खिशातील साऱ्या खर्चाची मांडणी तिने बदलून टाकली.

अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात उत्पन्न आणि किंमत हे मागणी ठरवणारे दोन निरनिराळे घटक म्हणून शिकवले जातात. प्रत्यक्ष व्यवहारात ते एकमेकांपासून वेगळे काढता येत नाहीत. भाव किती बोचतो हे उत्पन्नावर अवलंबून असते आणि, थोडा अधिक विचार केला तर लक्षात येते की, एकाने मोजलेला भाव हेच दुसऱ्याचे उत्पन्न असते. परदेशस्थ मराठी व्यावसायिकाला हा विषय केवळ अभ्यासाचा नाही. मायदेशातील महागाईच्या बातमीचा अर्थ कसा लावावा, घरी किती पैसे पाठवावेत आणि निवृत्तीनंतर परतायचे झाल्यास किती पुंजी पुरेल, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे त्यातच दडलेली आहेत.

एंगेल यांचा नियम

या विषयाचा शास्त्रशुद्ध अभ्यास एर्न्स्ट एंगेल यांच्यापासून सुरू झाला असे मानतात. (मार्क्स यांचे सहकारी फ्रीडरिश एंगल्स ते निराळे.) एंगेल जर्मनीतील सॅक्सनी राज्याच्या सांख्यिकी कार्यालयाचे प्रमुख होते. बेल्जियममधील १५३ श्रमिक कुटुंबांच्या जमाखर्चाच्या आधारे १८५७ मध्ये त्यांनी असा निष्कर्ष मांडला की, कुटुंब जितके गरीब तितका त्याच्या एकूण खर्चातील अन्नाचा वाटा मोठा. उत्पन्न वाढले की अन्नावरील खर्चही वाढतो, पण उत्पन्नाच्या मानाने कमी वेगाने. पोट भरण्याला मर्यादा असते. घर, प्रवास, शिक्षण, करमणूक यांना ती नसते. पावणेदोनशे वर्षांत अर्थशास्त्रातील असंख्य सिद्धांत मोडीत निघाले, हा नियम मात्र जवळजवळ प्रत्येक देशात आणि प्रत्येक काळात टिकून राहिला.

अमेरिकी कृषी खात्याच्या अर्थतज्ज्ञांनी २००३ मध्ये ११४ देशांच्या १९९६ मधील आकडेवारीचा अभ्यास प्रसिद्ध केला. अल्प उत्पन्नाच्या देशांत एकूण खर्चातील अन्नाचा सरासरी वाटा ५३ टक्के, मध्यम उत्पन्नाच्या देशांत ३५ टक्के आणि श्रीमंत देशांत १७ टक्के असल्याचे त्यात दिसले. टांझानियात हा वाटा ७३ टक्के होता, तर अमेरिकेत १० टक्क्यांहूनही कमी. उत्पन्न १० टक्क्यांनी वाढले, तर टांझानियातील कुटुंब अन्नावरील खर्च सुमारे ८ टक्क्यांनी वाढवते. अमेरिकी कुटुंबात तीच वाढ जेमतेम एक टक्का असते. भाववाढीच्या बाबतीतही गरीब देशांतील ग्राहकाचा प्रतिसाद अधिक तीव्र असतो, कारण भाव चढला की त्याला खरेदीच कमी करावी लागते. श्रीमंत ग्राहक दुकान बदलतो, कंपनी बदलतो किंवा बिलाकडे दुर्लक्ष करतो.

हे अंतर केवळ देशादेशांत नसते. २०२३ मध्ये अमेरिकी कुटुंबाचा सरासरी वार्षिक खर्च ७७,२८० डॉलर होता. त्यातील सुमारे ३३ टक्के घरावर, १७ टक्के वाहन व प्रवासावर आणि १३ टक्के अन्नावर गेला. सरासरीच्या आत डोकावले की चित्र पालटते. त्याच वर्षी उत्पन्नाच्या तळाच्या २० टक्के कुटुंबांनी करोत्तर उत्पन्नाचा जवळजवळ एक तृतीयांश भाग अन्नावर खर्च केला, तर वरच्या २० टक्के कुटुंबांनी सुमारे ८ टक्के. एकाच शहरात, एकाच दुकानात, एकच दुधाचा कॅन उचलणारी ही दोन कुटुंबे खर्चाच्या दृष्टीने जणू दोन निराळ्या देशांत राहतात.

महागाईचा दर आणि घरची महागाई

यातून निघणारे गणित सोपे आहे. अन्न १० टक्क्यांनी महागले आणि बाकी सारे भाव स्थिर राहिले, तर खर्चाचा निम्मा भाग अन्नावर घालवणाऱ्या कुटुंबाला पूर्वीचेच जीवनमान राखण्यासाठी ५ टक्के अधिक पैसे लागतात. अन्नाचा वाटा ८ टक्के असलेल्या कुटुंबाला एक टक्काही लागत नाही. सरकार जाहीर करते तो महागाईचा दर या दोहोंपैकी कोणाचाच नसतो. तो एका काल्पनिक सरासरी कुटुंबाचा असतो. ब्रिटनमध्ये मार्च २०२३ मध्ये एकूण महागाईचा दर १०.१ टक्के होता, पण अन्नपदार्थांची भाववाढ १९ टक्क्यांच्या वर गेली होती. ज्या घरात किराणा हाच सर्वांत मोठा खर्च होता, त्या घराला १०.१ हा आकडा परका वाटला असल्यास नवल नाही.

त्यात आणखी एक भर पडते. महागाईच्या काळात मध्यमवर्गीय ग्राहक नामांकित कंपनीचा माल सोडून स्वस्त मालाकडे वळतो. त्यामुळे स्वस्त मालाची मागणी वाढते आणि त्याचेच भाव अधिक वेगाने चढतात. अल्बेर्तो काव्हायो आणि ओलेक्सी क्रिव्हत्सोव्ह या अर्थतज्ज्ञांनी महासाथीनंतरच्या काळातील अनेक देशांतील दुकानांच्या किमती तपासून हेच दाखवून दिले आहे. श्रीमंतांपाशी एक पायरी खाली उतरण्याची सोय असते. जो आधीच शेवटच्या पायरीवर उभा आहे, त्याने कोठे उतरावे?

या शेवटच्या पायरीवरचे वर्तन कधीकधी बुद्धीला चक्रावून टाकते. रॉबर्ट जेन्सन आणि नोलन मिलर यांनी चीनच्या हुनान प्रांतातील गरीब कुटुंबांना तांदळावर अनुदान देऊन पाहिले. तांदूळ स्वस्त झाला की तो अधिक खाल्ला जाईल ही नेहमीची अपेक्षा, पण प्रत्यक्षात त्याचा खप घटला. वाचलेल्या पैशांतून त्या कुटुंबांनी इतर चविष्ट पदार्थ घेतले. अनुदान काढून घेतल्यावर तांदळाचा खप वाढला, कारण पोट भरण्यासाठी महागलेला तांदूळच सर्वांत स्वस्त उरला होता. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासातील गोष्ट भाकरीवर जगलेल्या कोणत्याही घराला समजावून सांगावी लागणार नाही. हात आखडला की कालवण पातळ होते आणि भाकऱ्या वाढतात.

जपानचा उलटा प्रवास

एंगेल यांच्या नियमानुसार देश श्रीमंत होत जाईल तसा अन्नाचा वाटा घटत गेला पाहिजे. जपानमध्ये सध्या नेमके उलटे घडते आहे. दोन किंवा अधिक माणसांच्या जपानी कुटुंबांच्या खर्चातील अन्नाचा वाटा २०२४ मध्ये २८.३ टक्क्यांवर पोहोचला. १९८१ नंतरचा तो तोवरचा उच्चांक होता. येनचे मूल्य घसरल्याने आयात अन्न आणि इंधन महागले. पगार वाढले, पण भावांच्या मागे पडले. २०२२ ते २०२४ अशी सलग तीन वर्षे वास्तव वेतन घटले. वृद्धांची वाढती संख्या हेही एक कारण आहे, कारण निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या घरात अन्नाचा वाटा स्वाभाविकपणे मोठा असतो.

त्यातच तांदूळ कडाडला. पाच किलोच्या पिशवीचा भाव वर्षभरात सुमारे दोन हजार येनवरून चार हजारांच्या वर गेला आणि सरकारला आपत्कालीन साठा खुला करावा लागला. मे २०२५ मध्ये कृषिमंत्री ताकू एतो यांनी एका सभेत, आपल्याला तांदूळ कधी विकत घ्यावा लागत नाही, समर्थक पुरेसा आणून देतात, असे सांगितले. काही दिवसांतच त्यांना राजीनामा द्यावा लागला. एरवी हे बोलणे थट्टेवारी गेले असते. जपानी मतदाराला ते झोंबले, कारण आपल्या ताटाचा खर्च पुन्हा वाढतो आहे, म्हणजेच आपण मागे जात आहोत, हे त्याला आकडेवारीवाचूनही कळत होते.

भारताच्या ताटात काय बदलले

भारताची दिशा एकंदरीत एंगेल यांच्या नियमाला धरून आहे. राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार १९९९-२००० मध्ये ग्रामीण कुटुंबाच्या खर्चात अन्नाचा वाटा ५९ टक्के होता, तो २०२२-२३ मध्ये ४६ टक्क्यांवर आला. शहरी भागात ४८ वरून ३९ टक्क्यांवर. ताटाच्या आतील बदल याहून मोठा आहे. ग्रामीण खर्चात तृणधान्यांचा वाटा सुमारे २२ टक्के होता, तो ५ टक्क्यांच्या आसपास उरला. त्याची जागा दूध, फळे, अंडी-मांस आणि विशेषतः तयार खाद्यपदार्थांनी घेतली.

या घसरणीला उत्पन्नाइतकेच भावाचेही कारण आहे. अन्नसुरक्षा कायद्याखालील सुमारे ८१ कोटी लोकांना जानेवारी २०२३ पासून शिधापत्रिकेवरील धान्य विनामूल्य मिळते आणि पाहणीच्या मूळ आकड्यांत या मोफत धान्याची किंमत धरलेली नाही. तांदूळ-गव्हाची चिंता सरकारने वाहिल्यावर सुटलेला पैसा दूध, तेल, डाळ, भाजी यांकडे वळणे साहजिक होते. म्हणूनच आज भारतीय मतदार गव्हाच्या भावापेक्षा टोमॅटो-कांद्याच्या भावाने अधिक अस्वस्थ होतो.

२०२३-२४ च्या पाहणीत अन्नाचा वाटा पुन्हा किंचित वाढला. ग्रामीण भागात तो ४७ टक्के आणि शहरी भागात ४० टक्क्यांच्या जवळ गेला. त्या वर्षी भाजीपाला आणि डाळी महाग होत्या. एका वर्षाच्या आकड्यावरून दिशा बदलली असे म्हणता येणार नाही. परंतु सुधारलेले ताट किती चटकन डळमळू शकते याची ती खूण आहे.

ग्राहक किंमत निर्देशांकाचा वादही इथेच येतो. २०१२ आधारवर्षाच्या मालिकेत अन्न व पेये यांचे वजन ४५.८६ टक्के होते. लोकांचा प्रत्यक्ष खर्च बदलल्याने २०२४ आधारवर्षाच्या नव्या मालिकेत ते कमी करण्यात आले. सांख्यिकीच्या दृष्टीने हे योग्यच आहे. पण २०२३-२४ मध्ये ग्रामीण भागातील तळाच्या ५ टक्के लोकांचा दरमहा दरडोई खर्च १,६७७ रुपये होता आणि शहरातील वरच्या ५ टक्क्यांचा २०,३१० रुपये. या दोहोंची सरासरी काढून मिळणारे वजन तळाच्या माणसाच्या ताटाला लागू पडत नाही. निर्देशांक नवा झाल्याने त्याची महागाई कमी होणार नाही. ती आकड्यात कमी दिसेल एवढेच.

ग्राहकाचा भाव, शेतकऱ्याचे उत्पन्न

ग्राहकाला दिलासा देण्याचा सरकारचा हुकमी उपाय म्हणजे निर्यातबंदी. तांदळाबरोबरच कांद्याच्या बाबतीत महाराष्ट्राने तो पुरेपूर अनुभवला. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लागले, डिसेंबरमध्ये निर्यात पूर्ण बंद झाली आणि मे २०२४ मध्ये, लोकसभा निवडणुकीच्या धामधुमीत, ती अटींसह उठली. मुंबई-दिल्लीच्या गृहिणीला मिळालेला दिलासा लासलगाव-पिंपळगावच्या बाजारात उतरलेला भाव म्हणून नोंदला गेला. दिंडोरीत तत्कालीन केंद्रीय राज्यमंत्री भारती पवार पराभूत झाल्या, त्याचे एक प्रमुख कारण म्हणून कांद्याकडेच बोट दाखवले गेले.

या प्रश्नात कोणताही एक पक्ष लबाड नाही. कांद्याशिवाय भागत नाही, म्हणून भाव दुप्पट झाला तरी मागणी फारशी घटत नाही. त्याच कारणाने पीक थोडे अधिक आले की भाव कोसळतो. मागणीच्या या ताठरपणाचा भार कधी ग्राहक उचलतो, कधी शेतकरी. निर्यातबंदी हा भार हलका करीत नाही, तो एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर टाकते. गरीब ग्राहकाला थेट साह्य देणे आणि शेतकऱ्याला भाव मिळू देणे हा मार्ग अधिक खर्चिक आहे, पण त्यात एकाच्या ताटासाठी दुसऱ्याच्या शेताला दंड भरावा लागत नाही.

गुणाकाराचा मोह

आता आपल्या स्वतःच्या हिशेबाकडे वळू. परदेशात नव्याने आलेला माणूस प्रत्येक किमतीचा रुपयांत गुणाकार करतो आणि हबकतो. काही वर्षांनी तोच माणूस पुण्या-मुंबईत गेल्यावर डॉलरने भागाकार करतो आणि सुखावतो. दोन्ही हिशेब फसवे आहेत. जागतिक बँकेच्या पुढाकाराने झालेल्या आंतरराष्ट्रीय तुलना कार्यक्रमानुसार २०१७ मध्ये एका डॉलरचा विनिमय दर सुमारे ६५ रुपये होता, परंतु अमेरिकेत एका डॉलरला मिळणाऱ्या वस्तू-सेवा भारतात सरासरी २०.६५ रुपयांत मिळत होत्या. म्हणजे डॉलर भारतात नेला की त्याची खरेदीशक्ती तिपटीहून अधिक होत होती.

ही तिप्पट मात्र सर्वत्र सारखी नाही. मोबाइल फोन, पेट्रोल, विमानाचे तिकीट भारतात स्वस्त नाही. स्वस्त आहे ते माणसाचे श्रम: केशकर्तन, स्वयंपाक, वाहनचालक, आजारी माणसाची शुश्रूषा. बेला बालासा आणि पॉल सॅम्युएल्सन यांनी १९६४ मध्ये याची स्वतंत्रपणे उकल केली. केस कापायला न्यू जर्सीत आणि नाशकात सारखाच वेळ लागतो. पण न्यू जर्सीतील नाभिकाला त्या दुकानात टिकवायचे तर तेथील कारखान्यांत व कार्यालयांत मिळते त्याच्या आसपासची मजुरी द्यावी लागते. नाशकात पर्यायी मजुरी कमी, म्हणून दर कमी. आपल्याला भारतात जाणवणारी स्वस्ताई ही बऱ्याच अंशी दुसऱ्याच्या अल्प उत्पन्नाचेच दुसरे नाव आहे.

यातून व्यवहाराचा निष्कर्ष निघतो. भारताची उत्पादकता वाढत जाईल तशी मजुरी वाढेल आणि सेवा महागतील. घरकामाच्या ताईंचा, आई-वडिलांच्या मदतनिसाचा, रुग्णालयाचा, शाळेचा खर्च सर्वसाधारण महागाईहून अधिक वेगाने चढू शकतो. निवृत्त माणसाच्या खर्चात नेमका याच सेवांचा भरणा असतो. आजच्या भावांवर आणि आजच्या विनिमय दरावर आखलेली परतीची योजना वीस वर्षांनी अपुरी पडण्याचा धोका म्हणूनच मोठा आहे. आखाती देशांत दिरहम-रियाल डॉलरला बांधलेले असल्याने तेथील वाचकांनाही हेच लागू होते. रुपया घसरला की पाठवलेली रक्कम फुगलेली दिसते, पण तीच घसरण इंधन आणि आयात मालाच्या भावांतून थोडी थोडी परतही घेतली जाते.

रिझर्व्ह बँकेच्या पाहणीनुसार २०२३-२४ मध्ये परदेशांतून भारतात आलेल्या अशा रकमांपैकी सर्वाधिक, सुमारे २० टक्के, महाराष्ट्रात आल्या. त्या पैशांचे मोल ते कोणाच्या हाती पडतात यावर ठरते. एंगेल यांच्या नियमाचाच हा दुसरा अर्थ आहे: खिसा जितका लहान, तितका त्यात पडणारा पुढचा रुपया मोठा. सुस्थितीतील घरी गेलेले शंभर डॉलर बचत खात्यात निजतात. अडचणीतील घरी तेच दूध, औषध किंवा शाळेचे शुल्क होतात.

मायदेशी गेल्यावर ‘मदतनिसाचे दर किती वाढले’ ही तक्रार आता अनेक बैठकांत ऐकू येते. ज्या वाढीला आपण महागाई म्हणतो, ती त्या मदतनिसाच्या घरी पगारवाढ म्हणून पोहोचलेली असते आणि तिथे कदाचित पहिल्यांदाच फळे विकत आणली जात असतात. भारत श्रीमंत व्हावा असे आपण मनापासून म्हणत असू, तर तो आपल्याला थोडा महाग पडेल, याची तयारीही आपल्या हिशेबात धरली पाहिजे.